मंडळीतली जागृती: पाळकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचा मी पाळक आहे. उपासना सुटल्यावर दारात, रात्री उशिरा फोनवर, कधी दानाच्या थैलीत घडी करून टाकलेल्या चिठ्ठीत जागृतीबद्दलचे हे प्रश्न फिरून फिरून येतात. दर वेळी तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. वचनांचे संदर्भ दिले आहेत ते आपापल्या पवित्र शास्त्रात उघडून पाहा. माझं कुठं चुकत असेल तर जरूर सांगा.

१. आमच्याकडे दर वर्षी तीन दिवस संजीवन सभा होतात. तीच जागृती ना?

नाही. सभा म्हणजे बोलावणं. जागृती आली की नाही ते नंतर कळतं. मांडव, बाहेरगावचे वक्ते, रात्रीची पंगत, साक्षी या सगळ्यांची मला कदर आहे. माझा स्वतःचा विश्वास अशाच एका मांडवात जागा झाला. पण चौथ्या दिवशी मांडववाला बांबू सोडून घेऊन जातो, आणि त्यानंतरच्या महिन्याभरात मंडळीत काय दिसतं तिकडे माझं लक्ष असतं.

स्तोत्र ८५:६ मध्ये मागणं आहे ते ‘आम्हाला पुन्हा जिवंत कर’ अशा अर्थाचं. मागणारे देवाचेच लोक आहेत. नवा माणूस विश्वास ठेवतो तो त्याचा नवा जन्म. जुना विश्वासणारा झोपेतून उठतो ती जागृती. ती आधी घरातल्यांची असते, बाहेरचे लोक मागून येतात.

मला सगळ्यात स्पष्ट चित्र नहेम्याच्या पुस्तकात दिसतं. आठव्या अध्यायात लोक पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र ऐकतात आणि रडतात. नवव्यात पापं कबूल करतात. इथवर आपल्या सभाही पोचतात. दहाव्या अध्यायात मात्र ते करार लिहून त्यावर शिक्का मारतात, आणि कुणीकुणी मारला त्यांची नावं दिलेली आहेत. ती नावांची यादी आपण वाचताना गाळतो. मला वाटतं, जागृती त्या यादीपाशी येऊन ठरते.

२. सगळेच पंथ जागृतीसाठी प्रार्थना करतात. बॅप्टिस्ट म्हणून आपलं वेगळं काय?

देव एकच आणि आत्माही एकच, त्यामुळे जागृती वेगळी नसते. पण मंडळी म्हणजे काय, याची आपली समजूत वेगळी आहे. १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये इंग्लंडहून परागंदा झालेले जॉन स्मिथ आणि त्यांचे सोबती यांनी पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. स्वतः विश्वास ठेवून, स्वतःच्या तोंडानं कबूल करून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला अशा माणसांनी देवापुढं एकमेकांना दिलेला शब्द म्हणजे मंडळी, असं त्यांनी मानलं. आपण आजही तेच मानतो. म्हणून आपली मंडळी थंड पडते तेव्हा एकमेकांना दिलेला तो शब्द थंड पडलेला असतो. तो वरून कुणी बिशप येऊन गरम करून देणार नाही.

विल्यम कॅरी यांची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ते मिशनरी म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्याआधी ते इंग्लंडमध्ये जोडे शिवून पोट भरणारे गावचे पाळक होते. १७८९ साली ते लेस्टर शहरातल्या हार्वे लेन इथल्या मंडळीत गेले. सभासदांचं वागणं इतकं बिघडलेलं होतं की उपदेश करून काही हलेना. शेवटी १७९० मध्ये त्यांनी मंडळी विसर्जित केली, सभासदांनी एकमेकांशी करायचा नवा करारनामा लिहिला आणि तो पाळायला तयार असलेल्यांना घेऊन ती पुन्हा उभी केली. नोकरी टिकवायची असलेला पाळक असं करत नाही.

हेच कॅरी पुढे श्रीरामपूरला आले. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, हुगळीकाठचं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. तिथून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण, १८१० मध्ये मोडीत छापलेला कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. मराठीसाठी पंडित वैजनाथ यांची त्यांना मोठी मदत होती. आपण शास्त्र आपल्या भाषेत वाचतो त्याचा एक धागा लेस्टरच्या त्या रिकाम्या केलेल्या सभासदांच्या यादीपर्यंत जातो.

३. मंडळी थंड पडली आहे हे ओळखायचं कसं? हजेरी तर चांगली आहे.

हजेरीवरून कळत नाही. इफिसची मंडळी कष्टाळू होती, खोटे प्रेषित पारखून घेणारी होती, तरी तिची पहिली प्रीती राहिली नव्हती (प्रकटीकरण २:४). सार्दीसचं तर नाव जिवंत होतं, मंडळी मात्र मेलेली (३:१).

मी कान देतो तो प्रार्थनेकडे. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ एवढंच ऐकू येत असेल आणि कुणाचं नावच येत नसेल, तर माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाली आहेत. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, दोन भाऊ एकाच बाकावर बसतात आणि बाहेर पडल्यावर वेगवेगळ्या फाटकांनी जातात. कुणाची आई दवाखान्यात असल्याचं पंधरा दिवसांनी समजतं. सभासदांच्या सभेत हिशेबाशिवाय दुसरा विषय निघत नाही. यातलं काही तुमच्याकडे असेल तर बाक भरलेले असूनही काळजीचं कारण आहे.

४. आम्ही तळमळ असलेले चार-पाच जणच आहोत. सुरुवात कशी करावी?

एक दिवस ठरवा आणि तो मोडू नका.

१७८४ साली इंग्लंडच्या मध्य भागातल्या नॉर्थॅम्प्टनशायर बॅप्टिस्ट असोसिएशनचे पाळक नॉटिंगहॅमला जमले होते. त्यांच्या मंडळ्या लहान, सुकलेल्या. ऑल्नी गावचे पाळक जॉन सटक्लिफ यांनी सुचवलं की प्रत्येक मंडळीनं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक तास जमून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करावी. फक्त आपल्या मंडळीसाठी मागू नये, सर्व मंडळ्यांसाठी आणि पृथ्वीच्या शेवटापर्यंत सुवार्ता जावी म्हणून मागावं, असं त्या आवाहनातच होतं. जिथं मंडळी जमू शकत नाही तिथं दोघातिघांनी जमावं. बाकी काही योजना नव्हती. आठ वर्षांनी, २ ऑक्टोबर १७९२ रोजी, याच पाळकांपैकी काहीजण केटरिंग गावात एका विधवेच्या घरी जमले आणि बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी सुरू झाली. त्या दिवशी वर्गणीचे आकडे पडले ते तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स.

आमच्या मंडळीत आम्ही तोच पहिला सोमवार धरला आहे, सात ते आठ. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका दमून उशिरा घरी येतात, तेव्हा नऊ ते दहा. भाषण करायचं नाही, नावं घेऊन मागायचं आणि वेळेवर उठायचं. वेळेवर उठणं फार महत्त्वाचं आहे. एकदा दोन तास लांबलं की पुढच्या महिन्यात सुनेला घरून निघता येत नाही.

५. चाळीस दिवसांचा उपवास केल्याशिवाय जागृती येत नाही असं एका वक्त्यानं सांगितलं. खरं का?

शास्त्रात असा नियम नाही. उपवास चांगला आहे. तो गुपचूप करावा (मत्तय ६:१६–१८). यशया ५८ वाचा, तिथं देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या ताटातलं देणं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. उपवासानं देवाचा हात पिरगाळता येत नाही.

६. आपल्या महाराष्ट्रात कधी खरी जागृती झाली आहे का?

झाली आहे. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि विधवा आणल्या, त्यांचं हे घर. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना विचारलं की जागृतीसाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या. जूनच्या शेवटी मुली पापाच्या जाणिवेनं रडू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. नंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगत आणि प्रार्थना करत फिरल्या.

मुक्ती मिशन कुठल्याही एका पंथाचं नव्हतं, आणि मी बॅप्टिस्ट असूनही मंडळीत याच जागृतीचं उदाहरण सर्वांत जास्त देतो. वेल्समध्ये तेव्हा जागृती चालू होती, आताच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांवर चालू होती, हे खरं. त्या बातम्या केडगावला पोचत होत्या. पण केडगावात जागृती आली ती दुष्काळातून वाचलेल्या आपल्या देशी पोरींत. ज्यांना घरातही कुणी बोलू दिलं नव्हतं त्या मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. आमच्या महिला मंडळाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, मग आम्ही का गप्प बसतो?’ पुढच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा मंडळीसमोर प्रार्थना केली. त्यांचं वय तेव्हा बासष्ट होतं.

७. रडणं, ओरडणं, थरथरणं, अन्यभाषा: हे आत्म्याचं काम की भावनेचा भर?

दोन्ही असू शकतं आणि त्याच क्षणी सांगता येत नाही. मुक्तीतही शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत. बाहेरच्यांना तो गोंधळ वाटला, तरी रमाबाईंनी मुलींचं तोंड दाबलं नाही. आपला देशी माणूस रडला तर पोटातून रडतो. तो इंग्रजी चर्चसारखा शांत बसत नाही म्हणून त्याच्यात आत्मा नाही, असं मी म्हणणार नाही.

मात्र १ करिंथ १४ पूर्ण वाचा. बोलणाऱ्यांनी पाळीपाळीनं बोलावं, ऐकणाऱ्यांनी पारखावं, सगळं शोभेल असं आणि क्रमानं व्हावं. अन्यभाषांबद्दल, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलण्याबद्दल, बॅप्टिस्ट मंडळ्यांत एकमत नाही. आमच्याकडे कुणी खासगी प्रार्थनेत बोलत असेल तर त्याला हटकत नाही आणि जो बोलत नाही त्याला कमी लेखू देत नाही. ‘देवानं मला तुझ्याबद्दल दाखवलं’ असं म्हणून कुणी लग्न, जमीन किंवा पैशाबद्दल आज्ञा देऊ लागला, तर तिथं थांबवा. आणि आत्म्याच्या नावानं कुणी बीपीची गोळी बंद करायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

पारख उशिरा होते. ज्या रात्री एक माणूस जमिनीवर लोळून रडला, त्यानं त्या आठवड्यात भावाचा बांध कोरलेला परत केला का? जकातदार जक्कयाच्या घरी तारण आलं तेव्हा चौपट परतफेडीची भाषा निघाली (लूक १९:८).

८. पापाची कबुली सगळ्या मंडळीसमोर द्यावी का?

माझा नियम असा: पाप जेवढ्यांच्या विरुद्ध झालं आणि जेवढ्यांना ठाऊक आहे, तेवढ्यांसमोर कबुली. मनातलं पाप देवापुढं. एका बहिणीचं वाईट बोललात तर तिच्या घरी जाऊन. मंडळीचे पैसे वापरलेत तर मंडळीपुढं. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ कबुली द्या असं आहे. माइकवर द्या असं नाही. नवऱ्यानं माइकवरून सांगितलेल्या पापानं बायकोची गावभर बेअब्रू झालेली मी पाहिली आहे. ती कबुली त्याला हलकं करून गेली, ओझं तिच्या डोक्यावर आलं.

एक गोष्ट या नियमाच्या बाहेरची आहे आणि ती मी ठासून सांगतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कबुलीत किंवा साक्षीत कळलं, तर ते मंडळीत मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही. ‘त्यानं रडून क्षमा मागितली, आता जागृतीत खोडा घालू नका’ असं कुणी म्हणालं तर तो मंडळीला धोक्यात घालतो आहे. घरातल्या मारहाणीबद्दलही तेच: आधी मार खाणाऱ्या बाईची सुरक्षितता, समेटाचं नंतर.

९. आमच्या मंडळीत दोन गट आहेत. ट्रस्टचा वाद धर्मादाय आयुक्तांकडे चालू आहे. अशात जागृतीसाठी सभा घ्यावी का?

सभा नंतर घ्या. आधी मत्तय ५:२३–२४ घ्या: दान वेदीपाशी ठेव आणि जाऊन भावाशी समेट कर.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्या कितीतरी मंडळ्यांत तीच परिस्थिती आहे. मिशननं मागं ठेवलेल्या जमिनीला भाव आला. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल होतो, दुसरा गट हरकत घेतो आणि तारखा पडत राहतात. पौलानं १ करिंथ ६ मध्ये भावाभावांनी कोर्टात जाण्याची लाज काढली आहे. तरी हिशेब दाखवणं आणि कायद्याची नोंद नीट ठेवणं हे पाप नाही. उलट न दाखवणं पाप आहे. ज्यानं खोटी सही केली त्याला ‘आपण सगळे पापी’ म्हणून सोडून देता येत नाही.

मी एका शेजारच्या मंडळीला एवढंच सुचवलं होतं: खटला चालायचा तसा चालू दे, पण दोन्ही गटांतल्या दोघादोघांनी महिन्यातून एकदा एकत्र प्रार्थना करावी, आणि तिथं खटल्याबद्दल एक शब्द काढू नये. पहिले तीन महिने कुणी डोळे वर केले नाहीत. चौथ्या महिन्यात एकाच्या मुलाला अपघात झाला आणि रक्त द्यायला दुसऱ्या गटाचा माणूस गेला. खटला अजून चालू आहे. आता ते प्रभुभोजन एकत्र घेतात.

१०. पाळकच थंड पडला असेल तर सभासदांनी काय करावं?

त्याला एकटं सोडू नका. मी स्वतः दोन वर्षं जुन्या वह्यांतून उपदेश काढून दिले. तोंडानं सगळं नीट चाललं होतं. शास्त्र मी फक्त रविवारसाठी उघडत होतो. डीकनांपैकी, म्हणजे मंडळीची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकांपैकी, एका काकांनी घरी येऊन विचारलं, ‘तुम्ही स्वतः प्रार्थना शेवटची कधी केली?’ मी रागावलो. ते उठले नाहीत. त्या रात्री आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो.

वेल्सच्या जागृतीत सगळीकडे नाव झालेले इव्हान रॉबर्ट्स तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. रात्रीमागून रात्री सभा घेऊन ते इतके खचले की १९०६ मध्ये त्यांना सार्वजनिक कामातून बाजूला व्हावं लागलं आणि नंतर ते फारसे पुढं आले नाहीत. म्हणून पाळकाला आठवड्यातून एक दिवस सुटी द्या आणि तो घेतो का ते पाहा. पगार वेळेवर द्या. उपदेशाबद्दल तक्रार असेल तर त्याच्या तोंडावर सांगा, त्याच्या बायकोला सांगू नका.

पाळकाचं पाप असेल, तर मत्तय १८:१५–१७ आणि १ तीमथ्य ५:१९–२०. बॅप्टिस्ट मंडळीत पाळकही सभासदच असतो.

११. तरुण मुलं पुण्या-मुंबईला गेली, तिकडे मोठमोठ्या सभांना जातात. गावी आली की आपली उपासना त्यांना नीरस वाटते.

त्यांना दोष देऊ नका. तिथं त्यांना गाणं मिळालं, सोबत मिळाली, परक्या शहरात कुणी तरी नाव घेऊन हाक मारली. हिंजवडीत काम करणारा आमचा एक मुलगा म्हणाला, ‘तिकडे मी आठवडाभर गेलो नाही तर मेसेज येतो. इथं मी तीन वर्षं नव्हतो, कुणी विचारलं नाही.’ मी त्यावर काहीच बोलू शकलो नाही.

त्यांच्यासाठी गिटार आणा, जरूर आणा. पण टाळ-मृदंगही काढू नका. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या चालींवर प्रभूची गाणी दिली, ती आजीला पाठ आहेत. नातवाला ती आजीकडून शिकू द्या. तरुणांना मंचावर गाण्यापुरतं ठेवलंत तर ते प्रेक्षकच राहतील. सभासदांच्या सभेत त्यांना मत आहे हे त्यांना माहीत करून द्या.

यूट्यूबवरच्या उपासनेबद्दलही विचारतात. २०२० च्या टाळेबंदीत तिनं आपल्याला तारलं आणि अंथरुणावरच्या माणसाला आजही तिचा आधार आहे. धडधाकट माणसाला ती पुरेशी नाही, कारण पडदा तुम्हाला तुमच्या रागावलेल्या शेजाऱ्याच्या बाजूला बसवत नाही.

१२. मला लहानपणी दुसऱ्या मंडळीत पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला होता. आता माझा विश्वास जागा झाला. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

बॅप्टिस्ट समजुतीनं हा ‘पुन्हा’ नाहीच; बाप्तिस्मा विश्वासामागून येतो. म्हणून मी हो म्हणेन, पण घाई न करता. तुमच्या आईवडिलांनी प्रार्थनेनं तुम्हाला प्रभूकडे नेलं होतं, त्याचा अपमान होईल असं बोलू नका. इतर देवभीरू लोक याबाबतीत वेगळं मानतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळीसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यांत उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्याही होत्या आणि तिथं दोन्ही प्रकारचा बाप्तिस्मा मान्य आहे.

पूर्वी विश्वासानंतरच बुडवून बाप्तिस्मा झालेला असेल आणि मधली वर्षं तुम्ही भरकटलात, तर मात्र परत घेऊ नका. परत येण्यासाठी पश्चात्ताप आहे आणि प्रभुभोजन आहे.

आजारी माणसाचं काय? एका आजींना आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट टाकीत उतरवलं होतं, चौघांनी धरून. डॉक्टरांनी नाहीच म्हटलं तर मी थांबतो, त्यांची साक्ष मंडळीपुढं नोंदवून घेतो आणि प्रभुभोजनापासून त्यांना अडवत नाही. काही पाळक अशा वेळी पाणी ओततात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मे महिन्यात पाणीच नसेल तर पावसाळ्याची वाट पाहा. शेजारच्या विहिरीवर गावाची तहान आहे.

१३. जागृतीत एकदम खूप लोक आले तर सगळ्यांना लगेच बाप्तिस्मा द्यावा का?

आंध्रातल्या ओंगोलची गोष्ट ऐका. तिथले अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ यांनी १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं, म्हणजे उपाशी लोकांना मजुरी मिळेल. खोदताना सुवार्ता ऐकलेले हजारो लोक, बहुतेक मादिगा या दलित समाजातले, बाप्तिस्मा मागू लागले. क्लाऊ यांनी दिला नाही. धान्य आणि मजुरी चालू असेपर्यंत कुणालाही नाही. मदतीचं काम संपलं, देण्यासारखं हातात काही उरलं नाही, तरी लोक येतच राहिले. तेव्हा ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा पाळक होते, एका वेळी दोघे पाण्यात.

लोक हा आकडा सांगतात. मला त्याआधीचं थांबणं मोठं वाटतं. तुमच्याकडे कुणी नोकरी, शाळेतला प्रवेश किंवा लग्न यांसाठी येत असेल तर त्याला मदत करा आणि बाप्तिस्म्यासाठी थांबायला सांगा.

१४. जागृती आली तरी लग्नाच्या वेळी जात निघतेच. यावर बोलावं का?

बोलावंच लागेल. आपण गाण्यात सगळे एक असतो आणि सोयरीक आली की ‘त्यांचे लोक मुळात कोण’ असं हळूच विचारतो. हे मी माझ्या मंडळीत ऐकलं आहे, माझ्या नात्यातही.

श्रीरामपूरला पहिला बाप्तिस्मा झाला तो कृष्ण पाल या सुताराचा, २८ डिसेंबर १८०० रोजी. त्याच्या काही दिवस आधी तो मिशनऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवला आणि गावात खळबळ उडाली, कारण त्यानं जात सोडली हे त्या जेवणानं सिद्ध झालं. १८०३ मध्ये त्याच्या मुलीचं लग्न ब्राह्मण कुळातून आलेल्या कृष्णप्रसाद या विश्वासणाऱ्याशी झालं. मंडळी नुकती जन्मली होती, सभासद मोजके, आणि त्यांनी हे केलं. आपल्याला दोनशे वर्षं होऊन गेली.

आईवडिलांवर जबरदस्ती करू नका. पण जातीमुळे मोडलेली सोयरीक ही खासगी बाब आहे असं मानून पाळकानं गप्प बसू नये.

१५. वर्षानुवर्षं न येणाऱ्यांची नावं यादीतून काढावीत का?

प्रश्न २ मधली कॅरींची गोष्ट वाचून काहीजण लगेच पेन काढतात. थांबा. नाव खोडण्याआधी त्या घरी तीनदा जाऊन या. आम्ही एका वर्षी पूर्ण यादी घेऊन घरोघरी गेलो. तीन जण वारले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. काहीजण दुसऱ्या शहरात चांगल्या मंडळीत होते. त्यांना आम्ही प्रेमानं शिफारसपत्र दिलं. एक भाऊ दारूमुळं लाजेनं येत नव्हता, तो आता येतो, पडतो, पुन्हा येतो. शेवटी खोडावी लागली ती दोनच नावं, सभासदांच्या सभेत, रडत. त्या वर्षी आमच्याकडे संजीवन सभा झाल्या नाहीत, पण मंडळी जागी झाली ती त्याच वर्षी.

अंथरुणाला खिळलेले, परगावी शिकणारे, आणि नवरा किंवा सासर येऊ देत नाही अशा बहिणी यांची नावं कधीही काढू नका.

१६. एकदा खरी जागृती झाली की मंडळी कायम जागी राहते ना?

राहत नाही. नागालँड पाहा. १८७२ साली तिथं बॅप्टिस्ट मंडळीची सुरुवात झाली. आज राज्यात बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत आणि मोठ्या जागृत्या तिथं होऊन गेल्या. तरी नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलला निवडणुकीत मत विकू नका, पैसे वाटू नका म्हणून मोहीम चालवावी लागते. ज्यांना हे सांगायचं ते बहुतेक बॅप्टिस्टच. मला यात त्यांची नाचक्की दिसत नाही. मंडळी स्वतःच्याच लोकांना उभं राहून सांगते आहे हे धैर्य आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण सांगतो का?

ओसरली म्हणून पहिली जागृती खोटी ठरत नाही. लेकरांना आईबापांचा विश्वास वारशात मिळत नाही, प्रत्येकाला स्वतः पाण्यात उतरावं लागतं, असं तर आपण बॅप्टिस्ट पहिल्यापासून म्हणत आलो आहोत.

१७. आम्ही बारा वर्षं प्रार्थना करतो आहोत. काहीच झालं नाही. थांबावं का?

या बहिणीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे आखीव उत्तर नाही. १७८४ मध्ये पहिल्या सोमवारी बसलेल्यांना कृष्ण पालच्या बाप्तिस्म्याची बातमी मिळायला सोळा वर्षांहून जास्त लागली, आणि त्याआधी त्यांच्यातले काही वारले. बारा वर्षांत तुमच्या मंडळीत काहीच घडलं नाही, हे मात्र तुम्ही एकदा तपासून पाहा: ज्यांची नावं घेतलीत ती वहीत लिहिली होती का, आणि त्यांतलं कोण आज कुठं आहे? आमच्या वहीत पहिल्या पानावर अकरा नावं होती. त्यांतले चौघे आज प्रार्थनेला येतात, दोघे देवाघरी गेले, पाच जणांसाठी अजून मागतो आहोत.

थांबू नका, असं मी म्हणेन. जवळपास असाल तर येत्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे या. सातला बसतो. दाराची किल्ली शेजारच्या घरी असते.